डोळा लागला म्हणून

नागोयात माझ्या फोनवर अधूनमधून महापालिकेचा संदेश येतो. कुणी आजोबा किंवा आजी घराबाहेर पडलेल्या असतात आणि परतलेल्या नसतात. वय, उंची, अंगावरचे कपडे, एवढीच माहिती. मदतीसाठी ज्यांनी आपणहून नाव नोंदवलं आहे, त्या सगळ्यांना तो जातो. २०२३ मध्ये डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेली १९ हजारांहून अधिक माणसं हरवल्याची नोंद जपानच्या पोलिसांकडे झाली.

नागोयाला लागूनच ओबू नावाचं शहर आहे. डिसेंबर २००७ मध्ये तिथले डिमेन्शिया असलेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ एकटेच बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून गेले. घरात ८५ वर्षांची पत्नी होती. तिचा जरा डोळा लागला होता. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने भरपाई मागितली आणि २०१३ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने पत्नी व थोरल्या मुलाला सुमारे ७२ लाख येन भरायला सांगितलं. अपिलात मुलगा सुटला, रक्कम निम्मी झाली, पण ती त्या बाईंच्या डोक्यावर राहिलीच. सासऱ्यांचं करायला सून योकोहामा सोडून ओबूत येऊन राहिली होती. याहून जास्त एखाद्या घराने करायचं तरी काय? दाराला कुलूप लावायचं? अखेर १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मोकळं केलं.

पुढच्याच वर्षी ओबूने डिमेन्शियासाठी स्वतःचा नियम केला: ही काळजी साऱ्या गावाने वाटून घ्यायची. देशभर २००५ पासून साधारण दीड तासाचं मोफत प्रशिक्षण चालतं. दुकानातले, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुलंही ते घेतात. गोंधळलेल्या माणसाला दचकवू नका, घाई करू नका, त्याचा मान दुखवू नका, हे त्यात शिकवतात. हाक समोरून मारायची, पाठीमागून नाही. तरीही इथली कितीतरी घरं लाजेपोटी गप्पच असतात.

आपल्याकडे तर पाहुणे आले की आजीला आतल्या खोलीत बसवतात. तिने तेच तेच विचारलं की पोरं हसतात, मोठी माणसं खजील होतात. आजार लपवला की बाहेर पडलेल्या आजीला ओळखणारं रस्त्यावर कुणीच उरत नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आजच शेजाऱ्यांना, वॉचमनला, कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि रिक्षा स्टँडवर सांगून ठेवा. तुमचा फोन नंबरही द्या.