थर
(द्वितीय वर्ष, कला)

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी भूगोलाच्या सरांनी एकेकाला उभं करून नाव, गाव आणि आईवडील काय करतात ते विचारलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "वडील शेती करतात. आई घरीच असते." दोन्ही वाक्यं खोटी होती. माझे आईवडील विहिरी खोदायच्या कामावर जातात. सुरुंग उडून धूर निवला की आई चाळीस-पन्नास फूट खाली उतरते आणि फुटलेला दगड यारीच्या बादलीत भरते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्या पायरीवर पाय ठेवल्या ठेवल्या मी आईला नाकारलं! कुणी हसेल, या भीतीनं. कुणी हसलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सरांनी एखाद्या डोंगराचं निरीक्षण करून प्रकल्प लिहायला सांगितला. भाऊबीजेला आम्ही मायलेकी तिच्या माहेरी, घाटाखाली कर्जतच्या बाजूला गेलो होतो. परतताना एस.टी.चा लांबचा वळसा न घेता खांडसवरून भीमाशंकरचा घाट पायी चढायचा आणि वरून राजगुरुनगरची गाडी धरायची, असं मी ठरवलं. आई नको म्हणेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "मी बी येते. ल्हानपणी शिवरात्रीला बाच्या खांद्यावर बसून गेले व्हते. आता माझ्या पायानं जाईन." एका दिवसाची मजुरी बुडणार होती. आईनं आपणहून मजुरी बुडवल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

पहाटेच निघालो. खांडसवरून वर जायला दोन वाटा आहेत. एक शिडीघाटाची, उभ्या कड्याला लोखंडी शिड्या लावलेली. दुसरी गणपती घाटाची, लांबची पण सोपी. आम्ही दुसरी धरली. आईच्या डोक्यावर भाकरी-चटणीचं आणि फराळाचं गाठोडं, माझ्या हातात वही. पदरगडाला वळसा घालून पठारावर आलो आणि पुढच्या चढाला दाट रान सुरू झालं. ऊन जणू बाहेरच थबकलं! जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खोडांवर शेवाळ, पायाखाली कुजलेल्या पानांची मऊ गादी. एवढ्यात वरच्या फांदीवर तांबूस शेपटीचा झुबका हलला. शेकरू! आपल्या राज्याचा हा प्राणी. या रानाला १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यात त्याचा मोठा वाटा. आई खुदकन हसली. "ह्याची शेपटी पायजे म्हणून रडले व्हते मी. बानं लई समजावलं."

मग माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. वही उघडून मी आईला शिकवू लागले. समुद्रावरून येणारे ढग या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि सारं पाणी इथंच ओततात, म्हणून हे रान बारमाही हिरवं. आणि हा सारा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा, तिसरा. थरावर थर. म्हणून याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला.

आई निमूटपणे ऐकत होती. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, "थर हाईत, हे खरं हाय."

अर्ध्या चढावर माझा घसा कोरडा पडला. बाटलीतलं पाणी संपलं होतं. आई थांबली, कड्याकडे पाहत राहिली. मग वाट सोडून डावीकडं गेली आणि हाक मारली. काळ्या दगडाच्या बुडाशी एक तांबडा पट्टा आडवा गेला होता, आणि तिथल्या नेच्यांच्या मुळाशी पाण्याची बारीक धार झिरपत होती.

"तुला कसं कळलं गं?"

"थर बदलला की पानी अडतं आन् बाजूला सुटतं. हिरीत बी तसंच." मग बोट ठेवून एकेक दाखवू लागली. "ह्यो मांजऱ्या. भोकं भोकं, त्यात पांढरे खडे. ह्यो फुटतो बी लवकर आन् पानी बी देतो. ह्यो तांबडा, गेरू. आन् ह्यो काळा पाषान. ह्यो लागला की ठेकेदाराचं तोंड उतरतं." तिनं एक धोंडा उचलून कड्यावर मारला. घण्णकन आवाज झाला. "वाजला का? आखा हाय. भेगाळलेला असता तर बद्द वाजला असता."

मी वहीत पाहिलं. पोकळ्या असलेला बेसॉल्ट, त्यातली पांढरी खनिजं, दोन प्रवाहांमधला भाजलेल्या मातीचा तांबडा थर… सारं काही पुस्तकात होतं. पण पाणी कुठं आहे ते वहीनं सांगितलं नव्हतं. ओंजळीनं पाणी पिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. इथं कोसळणाऱ्या पावसाचे ढग पूर्वेला आमच्या गावापर्यंत पोचतात ते रिते होऊनच. तो पाऊस तिकडे पडत नाही म्हणून तिथली माणसं विहिरी खोदतात, आणि विहिरी खोदतात म्हणून आईला काम मिळतं आणि माझी फी भरली जाते. हा दगड मी दीड वर्ष वाचत होते. आई तो वीस वर्षं डोक्यावर वाहत होती!

दुपार कलताना वर पोचलो. दर्शन झालं, देवळासमोरची मोठी घंटा पाहिली. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी ती आणली असं सांगतात. मग कड्याच्या बाजूला जाऊन बसलो. खाली कोकण निळसर धुक्यात बुडालेलं. आई गाठोडं बाजूला ठेवून, हात मांडीवर टाकून बसली. काही निवडत नव्हती, काही शिवत नव्हती. तिला अशी रिकामी बसलेली मी प्रथमच पाहत होते. त्या हातांची नखं दगडानं काळी-निळी पडलेली होती. मी म्हणाले, "आई, कॉलेजात मी सांगितलंय, तू घरीच असतेस."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं असतं घरी असते तर." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते शब्द अधिक लागले. थोड्या वेळानं तिनं गाठोडं सोडून करंजी माझ्या हातावर ठेवली.

सुट्टीनंतर मी प्रकल्प लिहिला. 'माहिती कोणाकडून मिळाली' या मथळ्याखाली आईचं पूर्ण नाव घातलं, आणि पुढे लिहिलं : 'व्यवसाय – विहीर खोदकाम, अनुभव २० वर्षे.' सरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. मान खाली घालून मी हसण्याची वाट पाहत होते. कुणीही हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलानं तास संपल्यावर हळूच सांगितलं, "माझे वडील पण यारीवर असतात."

हा लेख छापून आला की आईला वाचून दाखवणार आहे. ती विचारेल, "पाषान नीट लिवलास का?"