गंजीचा आडोसा ते दोडी-दापूर

नाशिकहून पुण्याच्या वाटेला लागून सिन्नर मागे पडले, की पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. बाजरी, कांदा, मधूनच एखादी डाळिंबाची बाग, बाकी उघडे माळ. याच रस्त्यावर दोडी आहे. म्हाळोबाच्या यात्रेमुळे मेंढपाळ मंडळींना तर हे नाव चांगलेच परिचयाचे. दापूर तेथून जवळच. नोकरीच्या सुरुवातीला माझी फिरती या भागात असे. आपण कधी या वाटेने गेलात तर खिडकीतून बाहेर पाहताना आठवावी अशी एक हकिकत सांगतो.

तिची सुरुवात मात्र फार लांब, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्सटाउन गावी आहे. १८०६ सालच्या ऑगस्टमध्ये तेथल्या कॉलेजचे पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेला जमले होते. एकाएकी विजांचा पाऊस आला, तेव्हा ते एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. परदेशी जाऊन आपल्या धर्माचा प्रसार करायचा, हा बेत त्यांनी त्या गंजीखाली केला. आता त्या जागी दगडी स्मारक आहे. गंजीचे स्मारक मी तरी दुसरे ऐकलेले नाही.

त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल नावाचा तरुण पुढे या खटपटीत सामील झाला. १८१० साली मंडळ स्थापन झाले आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन दोन जहाजांनी हिंदुस्थानकडे रवाना केले. सगळे तिशीच्या आतले. काहींची लग्ने निघण्यापूर्वी नुकतीच झालेली. हॅरिएट न्यूवेल ही त्यांतली एक. ती पुरती वीस वर्षांचीही नव्हती.

एवढा समुद्र ओलांडून कलकत्त्यास उतरले, तर कंपनी सरकारने सांगितले, 'चालते व्हा.' धर्मप्रसारकांमुळे रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, अशी कंपनीला धास्ती होती. त्यातच १८१२ मध्ये इंग्रज आणि अमेरिका यांचे युद्ध जुंपलेले. मंडळींची फाटाफूट झाली. हॅरिएट नवऱ्याबरोबर मॉरिशसला गेली. तिचे तान्हे मूल वाटेतच गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीही तेथे वारली. एक जोडपे ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि सॅम्युएल नॉट जहाजाने मुंबईकडे वळले. नॉटची बायको बरोबर होती.

११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईला उतरले. त्या वेळी बंदरावर गेटवे नव्हता, मुंबई ही अजून बेटे होती आणि पुण्याला पेशवाई चालू होती. ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही, आणि वरून त्यांना इंग्लंडला पाठवून द्यावे असा हुकूम! एकदा तर दोघे गुपचूप जहाजात बसून कोचीनपर्यंत गेले. तेथून त्यांना परत आणले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने मऊ होता. त्याने ताबडतोब हाकलले नाही, हॉलने अर्जामागून अर्ज लिहिले आणि अखेर राहू दिले गेले.

हे वाचताना मला माझा पहिला दिवस आठवतो. नवी बी.एस्सी. पदवी, खांद्याला पिशवी, पिशवीत सुधारित बियाण्याची माहितीपत्रके. एस.टी.तून उतरलो. एका आजीबाईंनी पाणी दिले आणि विचारले, "भाऊ, तू ऱ्हानार का जानार?" माझ्या आधीचे तिघे वर्ष-वर्षात बदली घेऊन गेले होते. मी काही उत्तर दिले नाही. दोन वर्षांनी मीही बदली घेतली.

नॉट आजारी पडून १८१५ मध्ये परतला. हॉल राहिला. मराठी शिकला आणि रस्त्यात, बाजारात, देवळांच्या आवारात उभा राहून बोलू लागला. आपल्या देवाधर्माविषयी ही मंडळी कठोर बोलत, ते मला पटत नाही आणि त्या काळच्या लोकांनाही पटले नाही. ख्रिस्ती झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण हॉल व त्याचे सोबती एवढेच करून थांबले नाहीत. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. त्याआधीच छापखाना घातला होता. तो छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना उभा केला आणि छापील मराठी पंचांग काढले. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच मिशनच्या कारखान्यात टाइप घासण्याच्या कामावर होते. आपल्या घरात खिळ्याला टांगलेले पंचांग कुठून कुठे जोडलेले आहे पाहा!

१८२५ मध्ये हॉलने आजारी बायकोला मुलांसह अमेरिकेला धाडले. स्वतः मात्र गेला नाही. पुढल्या मार्चमध्ये दोन ख्रिस्ती पोरे बरोबर घेऊन तो घाटावर फिरतीला निघाला. नाशकात पोचला तो पटकीची साथ भडकलेली. माणसे पटापट मरत होती. हॉलने जवळचे औषध वाटायला सुरुवात केली आणि ते बहुतेक संपल्यावर परतीची वाट धरली. १९ मार्चला रात्री उशिरा तो दोडी-दापूरला पोचला आणि एका देवळाच्या ओसरीवर चटई टाकून झोपला. ज्या देवांविरुद्ध तो तेरा वर्षे बोलत होता, त्यांच्याच दारी त्याला आसरा मिळाला. त्याला कोणी उठवले नाही.

पहाटे चारच्या सुमारास त्यालाच पटकीने गाठले. उरलेसुरले औषध घेतले, ते पोटात ठरले नाही. दुपारपर्यंत सारे आटोपले. वय बेचाळीसही पुरे नव्हते. बरोबरच्या त्या दोन पोरांनी परक्या गावात खड्डा खणला आणि घोंगडीत गुंडाळून त्याला मातीआड केले. मग दोघेच मुंबईकडे चालू लागले.