वावर जागच्या जागीच!

गेल्या शनिवारी धामणगाव रेल्वेला घरी होतो. क्यूजीआयएसमध्ये आमच्या वावराचा नकाशा करत होतो. धुरे, विहीर, पांदण आणि आजीच्या तोंडची नावं: आंब्याचं वावर, खालची पट्टी वगैरे. आजी जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या सातबाऱ्यावर नुसता गट नंबर आहे, ही नावं नाहीत.

सेव्ह करताना नेमकी लाईट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने कधीच मान टाकलेली. पुन्हा उघडलं तर प्रोजेक्ट फाईल करप्ट! महिन्याभराचे वीकेंड पाण्यात.

बाबा डोकावले. "काऊन बे, तोंड काऊन उतरलं? वावर तं जागच्या जागीच हाय ना?"

हसू आलं, पण ट्यूब पेटली. प्रोजेक्ट फाईलमध्ये वावर नसतंच मुळी! कोणता लेयर कुठे आहे आणि तो कसा दाखवायचा, एवढंच तिथे असतं. आकृत्या वेगळ्या जिओपॅकेज फाईलमध्ये शाबूत होत्या. नावं मात्र मी आळशीपणाने अ‍ॅनोटेशन म्हणून प्रोजेक्टमध्येच लिहिलेली.

मग फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण शेवटी ~ असलेली फाईल दिसली. सेव्ह करताना क्यूजीआयएस आधीची प्रत अशी बाजूला ठेवतं. तिची कॉपी केली, नावातलं ~ काढलं, आणि उघडली की हो! फक्त त्या दिवशीची तीन नावं गायब. ती बाबांनी तोंडपाठ सांगितली, वर मला माहीत नसलेली आणखी दोन.

आता सगळी नावं जिओपॅकेजमध्ये आहेत, एक प्रत पेन ड्राइव्हवर. पण मंडळी, बाबांच्या डोक्यातला बॅकअप घ्यायचा राहिलाय. पुढचा शनिवार त्यालाच.