फाल्गुन वद्यातले पान

झाशीच्या जुन्या तटबंदीतले बरेचसे दरवाजे वाटेवरच्या गावांच्या नावांनी ओळखले जातात. दतिया, ओरछा, सागर, भांडेर. ज्या गावाची वाट, त्या गावाचा दरवाजा. लक्ष्मी दरवाजाचे तसे नाही. त्याच्याबाहेर लक्ष्मी तलाव आहे, महालक्ष्मीचे देऊळ आहे, आणि जवळच १८५३ च्या नोव्हेंबरात वारलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. या दरवाजाने माणसे दूर जात नसत. देवीला जाऊन, तळ्याकाठी घटकाभर बसून घरी परतत. आमचे घर दरवाजाच्या आतल्या अंगाला होते. म्हणूनच की काय, परतून येणे आणि मागे वळून पाहणे या गोष्टी मला त्या दरवाजाशी जोडलेल्या वाटतात.

आमच्या आळीत चैत्र दोनदा येत असे. शेजाऱ्यांचे महिने पौर्णिमेला संपत, त्यामुळे होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत्र सुरू होई. आमचे महिने अमावास्येला संपणारे. आम्ही अजून फाल्गुन वद्यातच असू. गंमत अशी, की त्यांचा चैत्र लागला तरी त्यांचे वर्ष बदलत नसे. ते बदलायचे आमच्याबरोबरच, शुद्ध प्रतिपदेला. आम्ही गुढी उभारायचो आणि शेजारी नवरात्राचे जवारे पेरायचे. मधले पंधरा दिवस मात्र महिना नवा आणि वर्ष जुने, असे चमत्कारिक असत. शाळेत गणित शिकवणाऱ्या माझ्या वडिलांना, अण्णांना, ही विसंगती फार आवडे. ते म्हणत, "हा पंधरवडा शिलकेचा. यात नवे काही करू नये, झालेले मांडावे."

आणि ते मांडीत. अमावास्येच्या संध्याकाळी तळ्यावरून आल्यावर ते लाल बांधणीची वही काढीत आणि सरल्या वर्षाचे एक पान लिहीत. एकच पान. जानेवारीतल्या संकल्पांविषयी त्यांना आदर नव्हता. काय करणार हे लिहायला धैर्य लागत नाही, काय केले हे लिहायला लागते, असे त्यांचे मत होते.

आई लिहीत नसे. ती तृतीयेला चैत्रगौर बसली की अंगणात चैत्रांगण काढी. गौरीचा पाळणा, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, कासव, नाग, कमळ, गोपद्मे, तुळशीवृंदावन, फणी, करंडा. आणि या सर्वांच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान मुलाची कुंची. महिनाभर, अक्षय तृतीयेपर्यंत, ती रोज सकाळी हे सारे पुसून पुन्हा काढी. मी तिच्याकडूनच शिकले.

लग्नानंतर मी पुण्याला आले. पहिल्या चैत्रात अंगणात रांगोळी काढीत असता सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. एकेक चिन्ह त्यांनी कौतुकाने पाहिले, आणि कोपऱ्याशी येऊन विचारले, "हे काय गं? आमच्यात ही कुंची नाही काढत." मी म्हटले, आमच्यात काढतात. पण मन शंकित झाले. दोन-चार घरची चैत्रांगणे पाहून आले. कुठेच कुंची नव्हती. शेवटी आईला पत्र लिहिले. तिचे उत्तर दोन ओळींचे आले. "ती परंपरेतली नव्हे. तुझ्या धाकट्या भावाची आहे. तो गेला तेव्हा तू तीन वर्षांची होतीस."

घरात या भावाचा उल्लेख मी कधी ऐकला नव्हता. आणि तरी तेवढी वर्षे आई त्याला रोज सकाळी काढीत होती, पुशीत होती, आणि आपल्या मुलीच्या हाताला नकळत शिकवीत होती.

अण्णा गेल्यावर त्या लाल वह्या माझ्याकडे आल्या. मी आधी ते वर्ष काढले. पान भरलेले होते. पाऊस बरा झाला, परसातली भिंत पुन्हा बांधली, गव्हाचा भाव चढा राहिला. मुलाविषयी अक्षर नव्हते. मला राग आला. झालेले मांडावे, असे सांगणाऱ्या माणसाने हे मांडले होते! लिहिणे हा सत्याकडे जाण्याचा मार्ग आहे, असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. पण तो सत्याला वळसा घालून जाण्याचाही उत्तम मार्ग आहे. सॅम्युअल पेपीसने १ जानेवारी १६६० रोजी, वर्षारंभीच, आपली प्रसिद्ध रोजनिशी सुरू केली आणि तिच्यात पुष्कळ उघडपणे लिहिले. पण तीही लघुलिपीत, सहज कोणाला वाचता येऊ नये अशी. अण्णांना लघुलिपी येत नव्हती. त्यांनी गव्हाचा भाव लिहिला.

पुढे माझा राग ओसरला, तो झाशीच्याच एका जुन्या साक्षीदारामुळे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये झाशीत होते. शके १७८० चा पाडवा मार्चच्या मध्यास आला, त्यानंतर आठवडाभरात ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडला आणि तो चैत्र संपण्याच्या आत शहर पडले. लूट, कत्तल, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश, हे सारे भटजींनी पाहिले. पण त्यांनी ते लिहिले सुमारे पंचवीस वर्षांनी, तेही चिंतामण विनायक वैद्यांनी आग्रह धरला म्हणून. 'माझा प्रवास' छापून निघाला १९०७ साली, संपादकाचा हात फिरून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली ती १९६६ साली. ज्याने गावाचा विनाश डोळ्यांनी पाहिला, त्यालाही कोणीतरी विचारावे लागले आणि मध्ये पाव शतक जावे लागले. मग एका शाळामास्तराकडून मी त्याच वर्षीच्या पानावर सर्व काही का मागावे?

हे सुचल्यावर मी पुढच्या वह्या उलटल्या. बावीस वर्षांनंतरचे, मी आईला पत्र पाठवले त्या वर्षाचे पान जवळजवळ कोरे होते. वर तिथी होती आणि मधोमध, अण्णांच्या वळणदार अक्षरात, एक नाव. मी ते पूर्वी कधी ऐकले नव्हते, तरी कोणाचे ते विचारावे लागले नाही. आईने माझे पत्र त्यांना दाखवले असले पाहिजे.

मीही आता पान लिहिते. अमावास्येला पान आणि तृतीयेला चैत्रांगण, दोन्ही. पण अण्णांना न्याय देण्याच्या भरात एकदा माझ्याच वह्या चाळल्या, तेव्हा एका पानावर थबकले. अण्णांच्या मागे आईला मी पुण्याला आणले आणि लक्ष्मी दरवाजाजवळचे घर विकले. त्या वर्षी मी लिहिले आहे : "झाशीच्या घराचा व्यवहार सुरळीत पार पडला." एवढेच. कागदांवर सही करण्यापूर्वी आई काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही हे मला दिसत असूनही मी तिला विचारले नाही, हे त्या पानावर नाही. तीन वर्षांनी ती गेली. माझ्या त्या वाक्यात आणि अण्णांच्या गव्हाच्या भावात काय अंतर आहे?

जुने पान खोडू नये, असे मला वाटते. ते त्या वेळचे आपलेच रूप असते. यंदाच्या फाल्गुन वद्यात मी त्याच्यासमोर नवे पान उघडले आणि तिथीखाली लिहिले : "आईला विचारायला हवे होते." पुढे काही सुचले नाही. तीन दिवसांनी अंगणात रांगोळी घेऊन बसले, सवयीने कोपऱ्यात कुंची काढली. नात शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, "आजी, हे कुणाचं?" या वेळी मी तिला ते नाव सांगितले.