खोटा आळ

'क्वारंटाईन' हा शब्द आम्हा सुरतकरांना १९९४ सालीच पाठ झाला. त्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. मी नुकताच नोकरीला लागलेला. गावी, धुळ्याकडे गेलो, तर सुरतहून आलेला म्हणून ओळखीची माणसेही चार पावले दूर उभी राहत. अंगात ताप नव्हता. शहराचे नाव पुरेसे होते.

हे आठवले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. लिंबायतमधल्या लूम कामगाराचा हा मुलगा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. रिंग रोडवरच्या एका कापडाच्या पेढीत संगणक सांभाळतो. यंत्रे चाळीस, आणि साऱ्यांना हुकूम जातो एका सर्व्हरवरून. एके सकाळी अँटिव्हायरसची नवी यादी आली. ओळखीच्या चोरांचे वर्णन असते ना, तशी ही यादी. तिने पेढीचा बिले करण्याचा प्रोग्रामच चोर ठरवला आणि चाळीसही यंत्रांवरून उचलून कोठडीत टाकला. या कोठडीचे नावही क्वारंटाईनच! बाहेर माल भरलेले टेम्पो उभे, बिल निघेना. शेठजी गरजले, "आ वायरस तू ज लाव्यो छे ने?"

मुलगा उलट बोलला नाही. आधी त्याने नवी यादी पुढे जाणे थांबवले. मग प्रोग्रामची फाईल मूळ प्रतीशी ताडून पाहिली. तसूभर फरक नव्हता. एका यंत्रावर कालची यादी परत बसवली, प्रोग्राम सोडवला, एक बिल काढून पाहिले आणि मगच उरलेल्या एकोणचाळीसांना हात लावला. दुपारी टेम्पो हलले.

मास्तरकीची खोड, मी विचारलेच, "कालच्या यादीत आजचे खरे चोर कुठे असणार?"

"म्हणून तर सर, मागे जायचं ते तात्पुरतं. दुरुस्त यादी आली की लगेच पुढे."

थोरामोठ्यांच्या घरीही हेच घडले आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या यादीने विंडोज एक्सपीची स्वतःची, अस्सल फाईल विषाणू ठरवली. कचेऱ्यांतली यंत्रे आपोआप बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ ची गोष्ट तर ताजी आहे. क्राउडस्ट्राइकने सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मागे घेण्याचा हुकूम ऐकायला यंत्र जागे तर हवे! शेवटी ठिकठिकाणी माणसे एकेका यंत्रापाशी बसून ती एक फाईल पुसत राहिली. यंत्रयुगाचे कौतुक करणाऱ्यांनी हे दृश्य जरूर डोळ्यांपुढे आणावे.

पण असो. पेढीत आता नवी यादी आधी दोनच यंत्रांवर उतरते, संध्याकाळपर्यंत काही बिघडले नाही तर बाकीच्यांवर. त्या दोनांतले एक शेठजींच्या टेबलावरचे आहे. ही निवड कोणाची, ते मी विचारले नाही. शेठजींनी तो शब्द काही परत घेतलेला नाही. यंदा चोपडापूजनात सर्व्हरला कुंकू लावायचे काम मात्र त्यांनी त्यालाच सांगितले आहे.