वरचा सा आणि एक इंजेक्शन

साधारण अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी नाट्यसंगीताचा कार्यक्रम, आणि सकाळी गायक माझ्या दवाखान्यात. घसा पार बसलेला. "डॉक्टर, आजच्यापुरतं काहीतरी करा. तिकिटं विकली गेलीत." मी तोंड उघडायला सांगून टॉर्चने पाहिलं, घसा लाल होता. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत आवाज खुलला आणि तो अडीच तास गायला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ईएनटी सर्जनने दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा एका स्वरतंतूत रक्त साकळलेलं होतं.

तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की घसा बसला म्हणजे औषध देऊन तो मोकळा करायचा. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. नेमकं काय चुकलं, हे मला पुढे कळलं ते एका जुन्या आवडीमुळे. एम.डी. करताना हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर मडगावचा होता. त्याच्याकडे 'रिगोलेत्तो' या इटालियन ऑपेराची कॅसेट होती आणि तीत आल्फ्रेदो क्राऊस गात होता. भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, पण तो आवाज डोक्यात बसला.

क्राऊस 'टेनर' होता. पुरुषी आवाजातली ही उंच पट्टी. ऑपेरात टेनरला मायक्रोफोन नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा आणि त्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. आता आकडे बघा. आपण पुरुष साधं बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात. टेनर आपला प्रसिद्ध 'हाय सी' लावतो तेव्हा ५२० पेक्षा जास्त वेळा. हे तंतू जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचे. वर मऊ, लिबलिबीत अस्तर आणि त्यात केसासारख्या रक्तवाहिन्या. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, तसे जोरात आपटणाऱ्या स्वरतंतूंनाही पडतात. त्यांनाच आम्ही नोड्यूल म्हणतो.

मग टेनर टिकतात कसे? ताकदीने नाही. उलट, गळ्यावरचा भार कमी करून. छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंनी श्वास हळूहळू, मोजून सोडायचा, म्हणजे तंतूंवर हवेचा धक्का बसत नाही. वर चढताना एक नाजूक टप्पा येतो, तिथे 'आ' सारखा स्वर किंचित गोल, झाकलेला करायचा. आणि घशाची पोकळी अशी घडवायची की आवाजातली ऊर्जा साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास गोळा होते. वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली, ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून टेनर वाद्यांच्या वरून ऐकू येतो, त्यांच्याहून मोठ्याने ओरडून नव्हे. (लग्नाच्या हॉलमध्ये डीजेवर मात करून गप्पा मारणाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

पण तंत्र ही अर्धीच गोष्ट आहे. जुझेप्पे दी स्तेफानो १९२१ साली जन्मला. त्याचा आवाज क्राऊसपेक्षाही गोड होता असं मानणारे खूप आहेत, आणि ऐकताना मीही त्यांच्यात सामील होतो. तो वरचे स्वर उघडे, मोकळे सोडायचा. ऐकायला काळजाला भिडतं, गळ्याला महाग पडतं. त्यात आपल्या आवाजाला जड असणाऱ्या भूमिकाही त्याने घेतल्या. चाळिशीच्या आसपासच आवाज ढासळला. क्राऊस त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. १९५६ साली कैरोला त्याने पदार्पण केलं आणि सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत तो गात राहिला. तंत्र पक्कं होतंच, पण त्याने आयुष्यभर एक पथ्यही पाळलं. मोजक्या भूमिका घ्यायच्या आणि बाकीच्यांना नाही म्हणायचं. पुच्चीनीच्या लोकप्रिय भूमिकांपासून तो जवळजवळ दूरच राहिला. मिळणारे पैसे, टाळ्या, सगळं दिसत असताना.

हे वाचत गेलो तसा मला माझा तो सकाळचा पेशंट आठवत राहिला. सुजलेल्या स्वरतंतूंनी त्याला 'आज नाही' म्हणून सांगितलं होतं. मी इंजेक्शन देऊन सूज उतरवली, इजा मात्र तशीच होती. स्टेरॉइड वाईट औषध नाही. स्वरतंतू नीट पाहून, किती गायचं हे ठरवून ते देता येतं. मी न बघता दिलं. टॉर्चने घसा दिसतो, स्वरतंतू दिसत नाहीत. ते खाली, स्वरयंत्रात असतात.

ते बघण्याची युक्ती लोकप्रिय केली ती डॉक्टरने नव्हे, गाण्याच्या मास्तरने. मान्युएल गार्सिया हा एका नामवंत टेनरचा मुलगा. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, सूर्यप्रकाश परावर्तित केला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण सादर झालं.

म्हणून आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला असेल, तर गोळ्या चघळत बसू नका, ईएनटीकडे जाऊन स्वरतंतू दाखवा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर नक्कीच, कारण स्वरयंत्राचा कर्करोगही असाच सुरू होतो. गाताना किंवा ओरडताना आवाज अचानक गेला, तर त्याच दिवशी बोलणं बंद आणि तपासणी. आणि मौन म्हणजे मौन, कुजबुजही नको. कुजबुजताना अनेक जण गळा जास्तच आवळतात.

माझा तो गायक दीड महिना जवळजवळ गप्प राहिला. आवाज परत आला, पण वरचा सा पूर्वीसारखा लागला नाही. तो आता दोन पट्ट्या खाली गातो आणि माझ्याशी अजूनही चांगलं बोलतो, याचंच मला जास्त अवघड वाटतं.

गेल्या गणपतीत ऑर्केस्ट्रात गाणारा एक मुलगा आला. आवाज बसलेला, रात्री कार्यक्रम, इंजेक्शन हवं होतं. मी नाही म्हणालो, ईएनटीची चिठ्ठी दिली आणि आज गाऊ नको असं सांगितलं. त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. पुढच्याच चौकात आणखी एक दवाखाना आहे. तो तिकडे वळला.