टाळ कुठे गेले?



पितळी भांड्यांना कल्हई करून घ्यायची, गादीचा कापूस पिंजून पुन्हा भरायचा, शिलाई मशीनला तेल घालायचे, हे आपल्या घरांत चालतच आले आहे. या यादीत यंदा एका नव्या वस्तूची भर पडली, ती म्हणजे स्पीकरची.

नणंदेचा मुलगा पुण्याहून परदेशी निघाला. त्याचे वापरलेले, भारी किमतीचे परदेशी स्पीकर ह्यांनी बारा हजारांना घेतले. "मामी, आवाज फाटतोय, दुरुस्ती लागेल," असे त्याने आधीच सांगितले होते. मी बी.कॉम., त्यामुळे वहीत दुरुस्तीचा अंदाज चार हजार लिहूनच होकार दिला.

अंकुशनगरात असे काम करणारा कुणी नाही. दुकान आता मुलगा बघतो आणि ह्यांना वेळ आहे, म्हणून काम घरीच करायचे ठरले. पुढची जाळी काढली तर आत कोळ्याची जाळी! पुंजणीने हलकेच झाडून जीव बाजूला केले आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हाती घेतला.

आत जे असते ते सोपे आहे. चुंबकाच्या बारीक फटीत तारेची कॉइल असते. गाण्याचा विद्युतप्रवाह आला की ती मागेपुढे होते आणि तिला चिकटलेला कागदाचा कोन हवा हलवतो. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली या रचनेचा निबंध मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. हा कोन चौकटीत तोलून धरते ती फोमची कडा. हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने हा फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतो. आमच्या वूफरच्या कडेला बोट लावताच तिचा भुगा झाला. पण कोन आणि कॉइल शाबूत होते.

नव्या कडा आणि क्रॉसओव्हरचे कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. चिकटवायला काय घ्यायचे हे मी विचारून घेतले, कारण सुतारकामातला जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. कागदाच्या कोनाला पांढरा कृत्रिम गोंद छान चालतो. जुना गोंद स्पिरिटच्या बोळ्याने काढायला दोन दुपारी गेल्या. ह्यांची बोटे हल्ली थोडी थरथरतात, म्हणून ब्रश माझ्या हाती आला आणि दिवा धरायचे काम ह्यांच्याकडे. पापडाच्या लाट्या एकसारख्या करणाऱ्या हाताला हे अवघड नाही. कडा बसवताना कोन चारी बाजूंनी बोटांनी हळूच दाबून पाहायचा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, तेव्हा गोंद ओला असतानाच सरकवायचे. मग चोवीस तास हात लावायचा नाही.

क्रॉसओव्हर म्हणजे जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे पाठवणारी पाटी. तिच्यावरचे जुने कपॅसिटर वाळतात. त्यांच्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्याच आकड्याचे नवे, बायपोलर, दोन्ही पेट्यांत सारखेच घालायचे. सोल्डरिंग मुलाने केले. खर्च तीन हजार चारशे झाला, म्हणजे अंदाजाच्या आतच.

जोडणी झाल्यावर ह्यांनी अभंग लावला. पखवाज असा भरून आला की नात स्वयंपाकघरातून धावत आली. ह्यांचा चेहरा मात्र उतरला. "टाळ कुठे गेले? ट्वीटर गेलाय," म्हणाले. मला तर टाळ स्वच्छ ऐकू येत होते.

ह्यांनी दोन्ही ट्वीटर सोडवले. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की चालू ट्वीटर बारीक 'टिक' करतो. दोन्हींनी टिक केले. ती टिक मी ऐकली, नातीने ऐकली. ह्यांनी मान हलवली.

मग नातीने मोबाइलवरून अगदी हळू आवाजात चढत जाणारी शिट्टी लावली. सहा हजार हर्ट्झच्या पुढे ह्यांचे बोट खाली आले. माझे दहा हजारांच्या आसपास आणि नातीचे सोळा हजारांनंतर. माणसाचा कान लहानपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात. स, श, फ या अक्षरांचा आवाजही त्याच बारीक पट्टीतला. म्हणूनच "साखर आणा" सांगितले की "काय आणा?" असा प्रश्न यायचा. सून हळू बोलते अशी ह्यांची तक्रार होती आणि बाबा लक्ष देत नाहीत अशी मुलाची. दोन वर्षे घरात हा धुसफूस विषय होता. टिक न ऐकणाऱ्या त्या सेलने तो मिटवला.

ह्यांनी सेल टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्पीकरला चार हजार दिलेस, मला किती देशील?"

जालन्याला कानाची तपासणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून आवाज ऐकवतात आणि आलेख काढतात. ह्यांचा आलेख उजवीकडे उतरत जातो. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र सांगितले. एकाच कानाने भागवू, असे ह्यांचे म्हणणे होते. स्पीकरची जोडी घेताना एकच का नाही घेतला, एवढेच मी विचारले.

यंत्राने तरुणपणचे कान परत येत नाहीत. पहिले काही दिवस पंख्याचा आणि ताटांचा आवाजही ह्यांना डोक्यात जायचा. डॉक्टरांनी रोज थोडा वेळ वाढवायला सांगितले आहे. टाळ ह्यांना पूर्वीसारखे नाही, पण ऐकू येतात. सुनेचे बोलणे पहिल्यांदाच समजते.

तुमच्याही घरी कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, "काय? काय?" विचारत असेल, तर आधी एकदा कानाची तपासणी करून घ्या. जुन्या वस्तूला आपण जेवढी संधी देतो, तेवढी तरी घरातल्या माणसाला द्यायला हवी.